मंत्रिमहोदय, हे खरे आहे काय?

फेब्रुवारी १७२१. लंडनमध्ये साउथ सी कंपनीचा फुगा फुटून काही महिने झाले होते. शेअरच्या नादाने भलेभले धुपले होते आणि कंपनीचा खजिनदार रॉबर्ट नाइट हिशेबाच्या भानगडी मागे टाकून समुद्रापार पसार झाला होता. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये अर्ल काउपर उठले आणि त्यांनी सरकारला विचारले, हा नाइट ब्रसेल्सला पकडला गेल्याचे ऐकतो, ते खरे आहे काय? ब्रिटिश संसदेत मंत्र्याला विचारलेला नोंदीतला पहिला प्रश्न तो हाच. घोटाळा देशातला आणि फरारी परदेशात, त्यामुळे हा प्रश्न अर्थखात्यालाही लागू होता आणि परराष्ट्रखात्यालाही. पुढे तीनशे वर्षांनी मुंबईच्या ब्रॅडी हाउस शाखेतून पंजाब नॅशनल बँकेला गंडा घालून नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी देशाबाहेर गेले, तेव्हा दिल्लीतल्या खासदारांनी विचारलेले प्रश्न फार वेगळे नव्हते. चोक्सीला एप्रिल २०२५ मध्ये अटक झाली तीही बेल्जियममध्येच, हा निव्वळ योगायोग.

मंत्र्याला उभे करून जाब विचारण्याचा हा हक्क भारतात एकदम आला नाही, हप्त्याहप्त्याने आला. १८६१ च्या कायद्याने बनलेल्या विधिमंडळात सदस्यांना प्रश्न विचारायला मुभाच नव्हती. १८९२ च्या कायद्याने ती मिळाली. १६ फेब्रुवारी १८९३ रोजी भिंग्याच्या महाराजांनी पहिला प्रश्न विचारला, आणि तो पाहून आजही गंमत वाटते: दौऱ्यावर आलेल्या साहेबलोकांना रसद पुरवताना खेड्यातल्या दुकानदारांचे किती हाल होतात, हा त्याचा विषय. पण त्या काळी उत्तर मिळाले की सदस्याने गुमान खाली बसायचे. उत्तरावर पुन्हा विचारण्याची, म्हणजे पूरक प्रश्नाची सवलत १९०९ मध्ये आली, तीही फक्त मूळ प्रश्नकर्त्यापुरती. इतर सदस्यांना मध्ये तोंड घालता येऊ लागले ते १९१९ च्या सुधारणांनंतर. सरकारने पूरक प्रश्न इतका उशिरा का दिला हे कळायला फार डोके लागत नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कारकून लिहून देतो. दुसऱ्याचे मंत्र्याला स्वतः द्यावे लागते.

आजची रचना साधारण अशी. लोकसभेत सकाळी ११ ते १२ हा प्रश्नोत्तराचा तास. राज्यसभेतही तो पूर्वी अकरालाच असे. गोंधळात रोज वाया जायला लागल्यावर २०१४ च्या अखेरीस तो दुपारी १२ वर नेला. गोंधळही मग बाराला होऊ लागला, हा भाग वेगळा. प्रश्नाची सूचना पूर्ण १५ दिवस आधी द्यावी लागते. सूचना शेकड्यांनी येतात, म्हणून सोडत काढून क्रम लागतो. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित प्रश्न निघतात, ज्यांची उत्तरे मंत्री तोंडी देतात, आणि २३० अतारांकित, ज्यांची उत्तरे फक्त लेखी येतात. राज्यसभेत हेच आकडे १५ आणि १६० आहेत. तातडीच्या बाबीसाठी अल्पसूचना प्रश्न असतो, पण तो घ्यायला मंत्र्याची तयारी लागते आणि ती क्वचितच असते. पंतप्रधानांना प्रश्न विचारण्यासाठी ब्रिटनमध्ये बुधवारचा अर्धा तास राखून ठेवलेला असतो; तसे काही आपल्याकडे नाही. अणुऊर्जा, अवकाश ही खाती पंतप्रधानांकडे असली, तरी उत्तराला बहुधा राज्यमंत्री उभे राहतात.

वीस प्रश्न यादीत असले तरी तासाभरात चार-पाचच उरकतात. २७ नोव्हेंबर २०१९ रोजी लोकसभेत वीसच्या वीस झाले, तेव्हा ती बातमी ठरली, कारण १९७२ नंतर असे घडलेच नव्हते. त्याच्या उलटचा दिवस ३० नोव्हेंबर २००९. त्या सकाळी यादीतले बरेचसे प्रश्नकर्ते सभागृहातच नव्हते. अध्यक्षा मीरा कुमार एकेक नाव पुकारत गेल्या, आसन रिकामे, पुढचे नाव. तास संपण्याआधी प्रश्न संपले. त्यानंतर नियम बदलावा लागला: प्रश्नकर्ता गैरहजर असला तरी अध्यक्षांच्या परवानगीने दुसऱ्यांना पूरक प्रश्न विचारता यावेत.

प्रेक्षकाला दिसते ते एवढेच. त्यामागचा खटाटोप खात्यात चालतो, आणि तो ज्याने जवळून पाहिला आहे त्याला ‘एलएक्यू’ (लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन, म्हणजे विधानसभेतला प्रश्न) ही अक्षरे सांगावी लागत नाहीत. विधानसभेचे अधिवेशन मुंबईत असो की नागपुरात, जिल्हा परिषदेपासून तहसीलपर्यंत लाल शेऱ्याचे पत्र पोचते: तारांकित प्रश्न, अतितातडीचे, माहिती आजच पाठवावी. गोव्यातही हाच शब्द, हीच धावपळ. एरवी वर्षभर न हललेली फाइल या एका पत्राने शोधली जाते, कुठल्या टेबलावर अडली होती हे कळते, आणि कधीकधी उत्तर जाण्याआधी कामच होऊन जाते. ‘कार्यवाही करण्यात आली आहे’ असे लिहायला मिळावे म्हणून आदल्या दिवशी आदेश निघतो. प्रश्नाचा हा उपयोग कोणत्याही आकडेवारीत सापडत नाही.

महाराष्ट्र विधिमंडळातल्या प्रश्नाचा साचाही पाहण्यासारखा आहे. अमुक तालुक्यातील तमुक पुलाचे काम तीन वर्षे रखडले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, चौकशी केली आहे काय? त्यात काय आढळून आले? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? उत्तरही तितकेच ठरीव. ‘हे खरे नाही’ आले की खालच्या सगळ्या पोटप्रश्नांवर एकच ओळ फिरते, ‘प्रश्न उद्भवत नाही’. जरा अडचण असेल तर ‘हे अंशतः खरे आहे’. पूल रखडला हे खरे, तीन वर्षे हे खोटे, कारण मधले चार महिने खोदकाम चालू होते. प्रश्न जितका ढिला, तितके उत्तर निसटते. म्हणून मुरलेले आमदार वर्ष, गट नंबर आणि ठेकेदाराला दिलेली रक्कम घालूनच सूचना देतात.

मंत्र्याच्या हातात सभागृहात जे टिपण असते त्यात छापील उत्तर थोडे आणि संभाव्य पूरक प्रश्नांची उत्तरे जास्त असतात. अधिकारी दीर्घेत सचिव बसलेले असतात. अडले तर चिठ्ठी खाली जाते. तरी सराईत सदस्य टिपणात नसलेले नेमके काढतो. मुंगेर आणि बांका या बिहारमधल्या मतदारसंघांतून निवडून येणारे पुण्याचे मधु लिमये हे या कलेतले मोठे नाव. नियमांचे पुस्तक त्यांना सत्ताधाऱ्यांपेक्षा जास्त पाठ असे. ऑगस्ट १९७४ मध्ये राज्यसभेतल्या एका प्रश्नातून पाँडिचेरीच्या काही व्यापाऱ्यांना मिळालेल्या आयात परवान्यांचे प्रकरण निघाले. एकवीस खासदारांच्या सह्यांचे शिफारसपत्र होते, आणि सह्या आपल्या नाहीतच असे खासदार एकामागून एक सांगू लागले. लोकसभेत तो धागा लिमये आणि इतर विरोधकांनी हक्कभंगाच्या वाटेने इतका लांब ओढला की पुढचे अधिवेशन त्यातच गेले.

पण प्रश्नाची ताकद पाहायची तर १९५७ कडे जावे लागते.

आयुर्विमा महामंडळ १ सप्टेंबर १९५६ रोजी स्थापन झाले. वर्षही उलटले नव्हते, तोच जून १९५७ मध्ये या नव्या महामंडळाने कलकत्त्याचे उद्योजक हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. मुंदडांचा बाजारातला लौकिक तेव्हाच डळमळीत होता. लोकसभेत राम सुभग सिंह आणि फिरोज गांधी यांनी याबद्दल विचारले. दोघेही सत्ताधारी काँग्रेसचे. फिरोज गांधी तर पंतप्रधान नेहरूंचे जावई. अर्थखात्याची उत्तरे मोघम आली. मोघम उत्तराचा धोका असा की ते छापले जाते. १६ डिसेंबरला फिरोज गांधी चर्चेला उभे राहिले तेव्हा त्यांनी सरकारचीच उत्तरे, तारखा आणि शेअरचे भाव शेजारी शेजारी मांडले. विमा काढणाऱ्या साध्या माणसाच्या पैशातून बाजारभावापेक्षा जास्त दराने खरेदी झाली होती, गुंतवणूक समितीला विचारलेही नव्हते.

नेहरूंनी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला. सुनावणी मुंबईत, उघड्या दारांनी. गर्दी इतकी की बाहेर कर्णे लावावे लागले. बडे अधिकारी, महामंडळाचे अध्यक्ष, स्वतः अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी साक्षीला आले. छागलांनी काही आठवड्यांत अहवाल दिला. सचिवाने केले म्हणून मंत्र्याची जबाबदारी टळत नाही, हा त्यातला गाभा. फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णमाचारींनी राजीनामा दिला. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय मंत्र्याला घरी पाठवणाऱ्या पहिल्या मोठ्या प्रकरणाची सुरुवात विरोधी बाकांवरून झाली नव्हती, हे आजच्या शिस्तबद्ध पक्षांच्या काळात मुद्दाम सांगावे लागते. आज सत्ताधारी बाकांवरचे कितीतरी पूरक प्रश्न मंत्र्यांच्या आभाराने सुरू होतात.

आणि मंत्रीही शिकले आहेत. उत्तरात खोटे सापडले तर हक्कभंग होऊ शकतो, चूक दाखवून देण्यासाठी लोकसभा अध्यक्षांचा निर्देश ११५ आहे. तेव्हा खोटे कोणी लिहीत नाही. विचारले तेवढेच, मोजून लिहिले जाते. १४ सप्टेंबर २०२० रोजी, करोनामुळे तोंडी प्रश्नोत्तरेच रद्द झालेल्या अधिवेशनात, टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर वाटेत मरण पावले असे लेखी विचारले गेले. श्रम मंत्रालयाचे उत्तर: अशी माहिती ठेवली जात नाही. भरपाईचा प्रश्न मग उद्भवलाच नाही. गावी परतलेल्यांची संख्या मात्र सरकारजवळ राज्यवार होती, एक कोटीहून अधिक.

दुसरे उदाहरण नाशिकशी जोडलेले आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी तिथल्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि पुरवठा खाली येऊन २० हून अधिक रुग्ण दगावले. तीन महिन्यांनी, २० जुलैला, करोनाच्या दुसऱ्या लाटेत प्राणवायूअभावी किती मृत्यू झाले असे राज्यसभेत विचारले गेले. उत्तर देणाऱ्या तेव्हाच्या आरोग्य राज्यमंत्री भारती पवार याच जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या खासदार होत्या. आरोग्य हा राज्यांचा विषय आहे आणि प्राणवायूअभावी मृत्यू झाल्याचे राज्यांनी वेगळे कळवलेले नाही, असे लेखी उत्तर आले. ते शब्दशः बरोबर होते. राज्यांनीही तसा रकाना भरला नव्हता. देशभर संताप झाला, पण उत्तरात खोट काढता आली नाही. ‘राज्याचा विषय’ ही देशांतर्गत प्रश्नांतली सगळ्यात रुळलेली पळवाट आहे. तिच्या जोडीला ‘न्यायप्रविष्ट’ आहेच: २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या बेळगावच्या सीमाप्रश्नावर केंद्राकडून वेगळे उत्तर ऐकल्याचे फारसे कुणाला आठवणार नाही.

परराष्ट्र व्यवहारात पळवाटा आणखी ऐसपैस. मित्रराष्ट्राबद्दल अनादराने विचारता येत नाही, तसा नियमच आहे. राष्ट्रहिताच्या दृष्टीने माहिती देणे योग्य नाही, एवढे म्हटले की मंत्री सुटतो. नेहरूंना मात्र उत्तरे देण्याची हौस होती. १९४७ ते १९६४ परराष्ट्रखाते त्यांच्याचकडे होते. गोवा तेव्हा पोर्तुगालकडे, म्हणून कोकणाला खेटून असलेल्या या भूमीचे प्रश्नही परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांनाच झेलावे लागत. १९५५ च्या सत्याग्रहानंतर तर लोकसभेचे सदस्य त्रिदिब चौधुरीच गोव्यात तुरुंगात होते. पुढे सभागृह गाजवणारे मधु लिमयेही.

तरी नेहरूंनीही एक मोठी गोष्ट सभागृहापासून दूर ठेवली. लडाखच्या अक्साई चीनमधून चीनने रस्ता नेल्याचे सरकारला कळले होते, ऑक्टोबर १९५८ मध्ये चीनला निषेधाचे पत्रही दिले गेले होते. संसदेला पत्ता नव्हता. सीमेवर चकमकी झाल्या, सदस्यांनी विचारायला सुरुवात केली, आणि २८ ऑगस्ट १९५९ रोजी नेहरूंनी लोकसभेत रस्त्याची गोष्ट मान्य केली. दहा दिवसांत, ७ सप्टेंबरला, चीनशी झालेल्या पत्रव्यवहाराची श्वेतपत्रिका पटलावर आली. तिथून चीनचा प्रश्न सरकारच्या एकट्याच्या हातात राहिला नाही. त्यामुळे तडजोडीच्या वाटा आखडल्या असेही काही अभ्यासक म्हणतात, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे. पण दोष प्रश्न विचारणाऱ्यांपेक्षा आधीच्या मौनाचा अधिक.

आता परराष्ट्र आणि संरक्षणाच्या बड्या विषयांवर मंत्री प्रश्नाची वाट पाहत नाहीत, स्वतःहून निवेदन करतात. यात एक मेख आहे. लोकसभेच्या नियम ३७२ नुसार मंत्र्याच्या निवेदनावर त्या वेळी प्रश्न विचारता येत नाही. राज्यसभेत खुलासे मागण्याचा प्रघात आहे. १५ सप्टेंबर २०२० रोजी, गलवानमध्ये चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत २० जवान मारले गेल्यानंतर तीन महिन्यांनी, संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांनी लोकसभेत लडाखवर निवेदन केले. चीनने प्रत्यक्ष ताबारेषेवरची स्थिती एकतर्फी बदलण्याचा प्रयत्न केल्याचे त्यांनी सांगितले, पण प्रश्नाला जागा नव्हती. दुसऱ्याच दिवशी राज्यसभेत गृहखात्याचे लेखी उत्तर आले: गेल्या सहा महिन्यांत भारत-चीन सीमेवर घुसखोरीची नोंद नाही. सरकारी परिभाषेत घुसखोरी अतिरेक्यांची असते, सैन्याची नव्हे. एकाच सरकारची दोन विधाने चोवीस तासांत, आणि दोन्ही आपापल्या जागी ‘बरोबर’.

परराष्ट्रमंत्री असताना सुषमा स्वराज यांची गोष्ट निराळी. इराकमधल्या मोसुल येथे जून २०१४ मध्ये भारतीय मजुरांचे अपहरण झाले. चार वर्षे त्यांना सभागृहात एकच विचारले जाई, माणसे जिवंत आहेत का? पुराव्याशिवाय कोणाला मृत म्हणणार नाही, हेच त्या सांगत राहिल्या. २० मार्च २०१८ रोजी डीएनए जुळल्यावर ३९ जण मारले गेल्याचे त्यांनी राज्यसभेत सांगितले. लोकसभेत गदारोळामुळे बोलताच आले नाही. आम्हाला हे टीव्हीवरून कळले, अशी कुटुंबांची तक्रार होती. आधी सदनाला सांगणे हे माझे कर्तव्य, असे त्यांचे उत्तर. दोन्ही बाजू समजण्यासारख्या, आणि कुटुंबांची जास्त.

मोठ्या नाट्यापेक्षा रुक्ष लेखी उत्तरांत परराष्ट्रखाते जास्त उघडे होते. परदेशांतल्या तुरुंगांत किती भारतीय आहेत, हा प्रश्न जवळजवळ दर अधिवेशनात येतो आणि देशवार तक्ता मिळतो. ९ फेब्रुवारी २०२३ च्या उत्तरातून कळले की २०२२ या एका वर्षात २,२५,६२० जणांनी भारताचे नागरिकत्व सोडले. परदेशात मुले असलेल्या पुण्या-मुंबईच्या घरांत हा आकडा चवीने वाचला गेला असणार.

ज्या गोष्टीला मोल आहे तिचा बाजारही होतो. १९५१ मध्ये हंगामी संसदेतले सदस्य एच. जी. मुद्गल यांनी मुंबईच्या सराफांच्या संघटनेकडून पैसे घेऊन प्रश्न आणि दुरुस्त्या पुढे केल्याचे उघड झाले. नेहरूंनी स्वतः हकालपट्टीचा ठराव मांडला. मतदानापूर्वी मुद्गल राजीनामा देऊन मोकळे झाले. त्यांची चौकशी करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते टी. टी. कृष्णमाचारी, तेच, ज्यांना सहा-सात वर्षांनी मुंदडा प्रकरणाने पद सोडायला लावले. डिसेंबर २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यासमोर प्रश्नांसाठी पैसे घेणारे ११ खासदार सापडले, त्यांत जळगाव आणि एरंडोलचे दोघे होते. दहा-अकरा दिवसांत सगळ्यांचे सदस्यत्व गेले. २०२३ मध्ये खासदार महुआ मोइत्रा यांना संसदेच्या संकेतस्थळाचा परवलीचा शब्द दुसऱ्याला दिल्याच्या प्रकरणात लोकसभेने काढले. पैशाचा आरोप त्यांनी नाकारला, आणि २०२४ मध्ये मतदारांनी त्यांना परत पाठवले.

सभागृहात बोललेल्या शब्दाचा पाठपुरावा कोण करते? ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’, ‘विचार करू’ अशी उत्तरे आश्वासन मानली जातात. लोकसभेची आश्वासन समिती डिसेंबर १९५३ पासून त्यांची यादी ठेवते आणि तीन महिन्यांत पूर्तता मागते. पूर्तता होते किंवा मुदतवाढ मागितली जाते, दुसरे जास्त. मराठीला अभिजात दर्जा देण्याबाबत रंगनाथ पठारे समितीचा अहवाल २०१३ मध्ये झाला, प्रस्ताव दिल्लीला गेला, आणि महाराष्ट्राचे खासदार दोन्ही सभागृहांत आलटून पालटून विचारत राहिले. उत्तर बदलत नव्हते: विचाराधीन. कधी त्यात ‘सक्रिय’ असे विशेषण येई. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, तो विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर. तो प्रश्नांमुळे झाला असे म्हणायला आधार नाही. पण अकरा वर्षांत किती वेळा काय सांगितले गेले, हे तारीखवार, मंत्र्याच्या नावासह पाहता येते. सभागृह गोंधळात तहकूब झाले तरी त्या दिवशीची लेखी उत्तरे पटलावर येतातच, आणि दुपारपर्यंत ती संकेतस्थळावर असतात, कोणालाही उघडून वाचता येतील अशी.